विमानशिक्षण आणि पक्ष्यांची धडक

(आपल्या ज्ञातिसंस्थेच्या पुसेगाव येथे भरलेल्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने आम्हांस या व्यासपीठावरून चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आणि विषयाची निवड आमच्यावरच सोपविली, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. जन्मभर शाळेत पदार्थविज्ञान शिकविलेल्या माणसाने अशा प्रसंगी 'शिक्षण आणि संस्कार' या विषयावर बोलावे, अशी सर्वसाधारण रीत आहे. आम्हीही तेच केले असते आणि आपण ते सौजन्याने ऐकूनही घेतले असते. परंतु यंदा आमच्या मनावर एक ओझे आहे, आणि ते आपल्यासमोर उतरविल्यावाचून दुसरे काही बोलणे आम्हांस प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

ते ओझे असे. आमची एक भाची राज्यातीलच एका उड्डाणशाळेत वैमानिकाचे शिक्षण घेत आहे. गतवर्षी तिच्या विमानावर एक घार आदळली. ही वार्ता कानी येताच आम्ही घाबरलो आणि तशा घाबरलेल्या अवस्थेतच ती एका लग्नाच्या मांडवात चार जणांस सांगितली. मांडवातली गोष्ट घरोघर जाईपर्यंत काय होते, हे आपणांस सांगणे नको. घारीचे गिधाड झाले, एका पक्ष्याचा थवा झाला, आणि शेवटी विमान शेतात कोसळून मुलगी रुग्णालयात आहे, असेही आमच्याच कानावर परत आले. पुढे शिक्षणनिधी समितीकडे आपल्याच ज्ञातीतील दुसऱ्या एका मुलीचा विमानशिक्षणासाठी अर्ज आला, तेव्हा 'अमक्यांच्या भाचीचे काय झाले ते ठाऊक आहे ना?' एवढ्या एका वाक्यावर तो बाजूला ठेवण्यात आला. समितीचा हेतू शुद्ध होता, यात शंका नाही. दोष आमच्या जिभेचा आहे. तो दूर करावा, आणि त्या निमित्ताने या विषयाची खरी माहिती आपणांपुढे ठेवावी, एवढाच आजच्या भाषणाचा हेतू आहे.

प्रथम घडले ते जसेच्या तसे सांगतो. पावसाळा सरत आला होता. सकाळची वेळ. मुलगी दोन आसनांच्या सेसना १५२ विमानात एकटी बसून 'सर्किट' करीत होती. म्हणजे उडायचे, विमानतळाभोवती चौकोनी फेरी घालायची, उतरायचे आणि पुन्हा उडायचे. तिसऱ्या फेरीला विमान उतरणीस लागले असता, जमिनीपासून सुमारे तीनशे फुटांवर, डाव्या अंगाने एक घार आली. पंखावर धप्प असा आवाज झाला. मुलीने पंखाकडे पाहिले नाही. वेग ढळू दिला नाही, नाक वर ओढले नाही. विमान धावपट्टीवर नीट उतरविले, रेडिओवरून घडलेली गोष्ट कळविली, विमान जाग्यावर आणून इंजिन बंद केले. आणि मग मात्र तिचे हातपाय थरथरू लागले. पंखाच्या पुढच्या कडेला परातीसारखा खोलगट पोचा पडला होता. तंत्रज्ञांनी ते विमान दुरुस्तीसाठी बाजूला काढले. प्रशिक्षकांनी विचारले, "धडक बसल्यावर तू काय केलेस?" ती म्हणाली, "काही नाही सर, जे करत होते तेच करत राहिले." ते म्हणाले, "तेच करायचे असते." तिसऱ्या दिवशी ती प्रशिक्षकांसमवेत पुन्हा उडाली.

इकडे आमच्या धाकट्या बहिणीच्या डोळ्यांचे पाणी खळेना. "दादा, दोन एकर रान विकून आम्ही लेकीला आभाळात पाठविली ती पाखराशी टक्कर घ्यायला का? तुम्ही तिला सांगा, परत ये म्हणावं." आम्ही बहिणीची बाजू घेतली आणि मुलीस फोन केला. ती शांतपणे म्हणाली, "मामा, तुम्हीच आम्हाला शिकवलंत ना, की भीती वाटली तर आधी त्या गोष्टीचा अभ्यास करावा? तुम्ही अभ्यास करा. मग मला परत बोलवा, मी येईन." आम्ही निरुत्तर झालो. त्यानंतरचे काही महिने आम्ही या एकाच विषयाचे वाचन केले. त्याचा सारांश पुढीलप्रमाणे आहे.

ज्ञातिबंधूंनो, पक्षी आणि विमान यांची टक्कर विमानाइतकीच जुनी आहे. राइट बंधूंनी १९०३ च्या डिसेंबरात पहिले उड्डाण केले, आणि ७ सप्टेंबर १९०५ रोजी ऑर्व्हिल राइट ओहायो राज्यातील डेटन शहराजवळ उडत असता मक्याच्या शेतावर पक्ष्यांचा थवा लागून त्यांतील एक पक्षी विमानावर आदळून मेला. ही नोंद त्यांनी स्वतःच करून ठेविली आहे. पहिला नरबळी ३ एप्रिल १९१२ रोजी पडला. विमानातून अमेरिका खंड प्रथम ओलांडणारे कॅल रॉजर्स कॅलिफोर्नियात लाँग बीच येथे उडत असता एक समुद्रपक्षी त्यांच्या विमानाच्या नियंत्रणाच्या तारांत अडकला, आणि विमान समुद्रात कोसळले. ४ ऑक्टोबर १९६० रोजी बॉस्टन येथे उड्डाण करताच एक प्रवासी विमान साळुंकीवर्गीय लहान पक्ष्यांच्या थव्यात शिरले. इंजिनांची शक्ती गेली आणि ७२ पैकी ६२ जण मृत्युमुखी पडले. अलीकडे, २९ डिसेंबर २०२४ रोजी दक्षिण कोरियातील मुआन येथे १८१ पैकी १७९ जण दगावले. त्या विमानाच्या दोन्ही इंजिनांत बदकांची पिसे मिळाली. उलटपक्षी, १५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्क येथे रानहंसांच्या थव्याने दोन्ही इंजिने निकामी केली असता कॅप्टन सलेनबर्गर यांनी विमान हडसन नदीच्या पाण्यावर उतरविले आणि १५५ पैकी एकही जीव गेला नाही.

आपल्या महाराष्ट्रात २० मे २०२४ च्या रात्री मुंबईस उतरणारे एक मोठे विमान घाटकोपरच्या आकाशात रोहित पक्ष्यांच्या थव्यास भिडले. विमान सुखरूप उतरले. परंतु तीसहून अधिक पक्षी मरून पडले.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादेस झालेल्या भीषण अपघातानंतर 'पक्षी आदळला असणार' असे गावोगावचे लोक बोलत होते, आम्हीही बोललो. जुलैमधील प्राथमिक चौकशी अहवालात मात्र विमानाच्या मार्गाच्या आसपास लक्षणीय प्रमाणात पक्षी दिसले नाहीत, असे नमूद आहे. तात्पर्य, पक्ष्यांची धडक ही खरी आपत्ती आहे, पण प्रत्येक आपत्तीचे खापर पक्ष्यावर फोडणे हा आळस आहे.

आता शिकाऊ विमानाकडे वळू. मोठ्या जेट विमानाची मुख्य भीती ही, की इंजिन पक्ष्याला आत ओढून घेते. शिकाऊ विमानाला पुढे पंखा असलेले लहान इंजिन असते. तेथे ती भीती थोडी. तेथे भय आहे ते पुढच्या काचेचे, पंखाच्या कडेचे आणि शेपटीचे. मोठ्या प्रवासी विमानाची काच सुमारे १.८ किलो वजनाच्या पक्ष्याचा आघात सोसेल अशी असावी, असा दंडक आहे. लहान शिकाऊ विमानाच्या काचेला असा दंडक नाही. ती एक प्रकारच्या पारदर्शक प्लास्टिकची असते.

आघात किती मोठा असतो, याचे गणित आमच्या विद्यार्थ्यांनी अनेकदा सोडविले आहे. आघाताची शक्ती वस्तुमानाच्या प्रमाणात वाढते, पण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. सुमारे पाऊण किलो वजनाची घार आणि ताशी १८५ किलोमीटर वेगाने जाणारे विमान यांची टक्कर झाली, तर तो आघात जुन्या मापाच्या एक मण वजनाचा धोंडा नऊ फुटांवरून पडावा तितका होतो. तेच विमान उतरताना ताशी ११० किलोमीटरने जात असेल तर आघात जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यावर येतो. आमच्या भाचीच्या पंखाला पोचा पडला आणि पंख फुटला नाही, त्याचे एक कारण हे आहे.

परंतु आघात कमी असला तरी प्रसंग येण्याचा संभव शिकाऊ विमानाला अधिक असतो. प्रवासी विमान पक्ष्यांच्या थरातून काही मिनिटांत वर निघून जाते. शिकाऊ विमान हजार फुटांच्या आतबाहेर घिरट्या घालीत एका तासात सहा-सात वेळा उडते व उतरते, आणि पक्ष्यांचा वावरही तेथेच अधिक असतो. शिवाय शिकविण्यास सकाळची शांत हवा चांगली म्हणून उड्डाणे सकाळी होतात. पाखरेही सकाळीच चारा शोधावयास निघतात. ऊन तापले की घारी तापल्या हवेच्या झोतावर चढू लागतात. पहिला पाऊस पडला की वाळवीला पंख फुटतात, गांडुळे व बेडूक बाहेर येतात, आणि त्यांच्यामागे बगळे धावपट्टीवर उतरतात. टिटवी तर उघड्या खडकाळ जमिनीवरच अंडी घालते. इंजिनाच्या आवरणात साळुंकी काड्या आणून ठेवते. म्हणून उड्डाणापूर्वी विमानाभोवती फिरून प्रत्येक पोकळीत डोकावून पाहणे, हा विद्यार्थ्याचा पहिला धडा असतो.

शिकवितांना यात जीव जातच नाही, असे आम्ही म्हणणार नाही. २३ ऑक्टोबर २००७ च्या रात्री अमेरिकेतील नॉर्थ डकोटा विद्यापीठाचे एक प्रशिक्षण विमान मिनेसोटा राज्यात रानहंसाशी आदळले. शेपटीचा आडवा भाग जायबंदी झाला आणि प्रशिक्षक व विद्यार्थी दोघेही गेले. हे आम्ही बहिणीपासून लपविले नाही आणि आपणांपासूनही लपवीत नाही. अशा प्रसंगांचा तपास होतो, आणि त्या तपासातूनच पुढच्या विद्यार्थ्यांचे धडे तयार होतात.

ते धडे कोणते? पक्षी समोर दिसला तर बहुधा तो भिऊन खाली सूर मारतो. म्हणून उंची व वेग पुरेसा असेल तर विमान वर घ्यावे. परंतु उतरतेवेळी, वेग मंद असता, नाक एकाएकी वर ओढले तर पंखांची उचल नाहीशी होऊन विमान कोसळते. तेव्हा पक्ष्याची धडक सोसणे बरे, पण वेग गमावणे नको. आमच्या भाचीने नाक वर ओढले नाही, ते यासाठी. काच फुटली तर मान खाली घालून वेग कमी करावा, म्हणजे वारा सोसवतो. पंखाला इजा झाली असेल तर वळणे सौम्य घ्यावी आणि उतरताना वेग नेहमीपेक्षा किंचित अधिक ठेवावा. आणि सर्वांत आधी विमान सांभाळावे. दिशा त्यानंतर, आणि बोलणे सर्वांत शेवटी. हा शेवटचा धडा आम्ही त्या लग्नमांडवात पाळला असता, तर आज हे भाषण करावे लागले नसते!

भगिनींनो आणि बंधूंनो, आता या विषयाचा जो भाग आपल्या गावाशी, आपल्या मातीशी निगडित आहे, तिकडे येतो. पुसेगाव हे आमचे आजोळ. आपला हा मुलूख परभणी जिल्ह्यात होता. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी वेगळा झाला, त्याच्या फार आधीची ही गोष्ट. या शिवारात तेव्हा आजच्यासारखे सोयाबीन नव्हते. रब्बीची ज्वारी डोक्याच्या वर वाढलेली असे. कणसांत दाणा भरला की भोरड्यांचे थवे उतरत. दूरच्या मध्य आशियाकडून आलेली ही गुलाबी अंगाची पाखरे एका सकाळीत वावर झोडपून काढीत. बॉस्टनचे विमान ज्यांनी पाडले ते पक्षी या भोरडीच्याच कुळातले. आम्ही मुले माळ्यावर उभे राहून गोफण फिरवीत असू, डबे बडवीत असू. दगडाने पाखरू मारावे हा हेतू नसे. गोफणीचा फटकारा ऐकून थवा उठावा, एवढेच. आजोबांनी एक बुजगावणे उभे केले होते. दोन दिवस पाखरे त्याला बिचकली, तिसऱ्या दिवशी त्याच्याच हातावर बसू लागली. आजोबा म्हणाले, "बुजगावण्याला रोज जागा बदलायला लावा, नाहीतर ते पाखरांचं बसायचं खुंट होतं."

आज विमानतळांवर नेमके हेच चालते. तेथे वायूवर चालणाऱ्या तोफा आवाज करतात, फटाके उडवितात, चमकत्या फिती लावतात, पाखरे हाकणारी माणसे जीपमधून फिरतात. आणि एकच आवाज एकाच जागेवरून रोज झाला तर पाखरांना त्याची सवय होते, म्हणून जागा व वेळ बदलावी लागते. आमच्या आजोबांनी विमान जवळून कधी पाहिले नव्हते. पण त्यांना हे ठाऊक होते.

तरीही हाकणे हा अर्धा उपाय आहे. शेतात कणीस आहे म्हणून पाखरू येते. विमानतळावर खाणे मिळते म्हणून घार येते. ते खाणे कोण टाकते? आपणच. हॉटेलातील उष्टे, मटणाच्या दुकानातील टाकाऊ भाग, मेलेली जनावरे आणि गावचा उघडा उकिरडा यांवर घार जगते. म्हणूनच १९३७ च्या विमान नियमांतील ९१ व्या नियमाने विमानतळापासून दहा किलोमीटरच्या परिघात उघड्यावर जनावर कापणे, सोलणे व पक्षी जमतील अशी घाण टाकणे यांस मनाई केली. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने १९८० च्या दशकात देशातील विमानतळांवरील पक्ष्यांचा अभ्यास केला, तेव्हा गिधाड व घार हे सर्वांत चिंतेचे पक्षी ठरले, आणि या दोघांनाही बोलावून आणणारी आपलीच घाण होती. पुढे गुरांना देण्यात येणाऱ्या डायक्लोफेनॅक औषधामुळे, मेलेल्या गुरांच्या मांसातून विष भिनून, गिधाडे जवळजवळ नाहीशी झाली; २००६ मध्ये ते औषध गुरांसाठी बंद करण्यात आले. गिधाडे गेल्याने आकाश स्वच्छ झाले असे मात्र नव्हे. घाण राहिली आणि घारी व कुत्री उरली. पक्षी नष्ट करून विमान सुरक्षित होत नाही. उकिरडा झाकून होते.

आपल्या पुसेगावास विमानतळ नाही, हे खरे. परंतु आपल्या ज्ञातीची कुटुंबे नांदेडला आहेत, बारामतीला, धुळ्याला, गोंदियाला आहेत. नांदेडला विमाने ये-जा करतात. बारामती, धुळे आणि गोंदियाजवळील बिरसी येथे मुले विमान चालवावयास शिकतात. त्या गावांतील आपल्या बांधवांपैकी कोणाचे हॉटेल आहे, कोणी नगरसेवक आहे, कोणी शिक्षक आहे. त्यांनी आपल्या दारचा कचरा झाकला, वॉर्डातील उघडा उकिरडा हलविण्याचा आग्रह धरला, तर कोणा तरी अनोळखी घरच्या मुलामुलीचे विमान सुखरूप उतरेल. या कार्यास निधी लागत नाही, ठरावही लागत नाही.

आता शेवटची विनंती शिक्षणनिधी समितीस. आमच्या भाचीसाठी आम्ही काही मागत नाही. तिच्या आईबापांनी रान विकून तिची सोय केली आहे. परंतु ज्या मुलीचा अर्ज आमच्या बोलण्यामुळे बाजूला पडला, तो पुन्हा विचारात घ्यावा. समितीने तो डोळे झाकून मंजूर करावा, असे नव्हे. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यास २०० तासांचे उड्डाण लागते, त्यांत १०० तास वैमानिकाने स्वतःच्या जबाबदारीवर करावयाचे असतात. खर्च लाखोंच्या घरात जातो. तेव्हा प्रश्न अवश्य विचारावेत. उड्डाणशाळेस नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची मान्यता आहे काय? विमानांची देखभाल वेळेवर होते काय? धावपट्टीवरील गवत व पाखरे यांची व्यवस्था कोण पाहतो? विद्यार्थ्याने पक्षी आदळल्याचे कळविले तर त्याची नोंद होते, की त्याला गप्प बसविले जाते? आणि मुलीची वैद्यकीय तपासणी झाली आहे काय? या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक नसतील तर अर्ज खुशाल नाकारावा. परंतु 'पाखरू आदळते' या कारणासाठी नाकारू नये. पाखरू आपल्या बैलगाडीच्या वाटेतही येत होते.

आमची बहीण अद्यापही दर सकाळी लेकीचा फोन येईपर्यंत चहा घेत नाही. तिला आम्ही दोष देत नाही. आईचे मन गणिताने शांत होत नाही. पण मागील महिन्यात तिने मुलीस एवढेच विचारले, "आज घारी फार होत्या का गं?" आणि मुलगी म्हणाली, "होत्या आई. आम्ही दहा मिनिटं थांबलो, त्या गेल्यावर उडालो." बहिणीने आम्हांस हे सांगितले तेव्हा 'परत बोलवा' हे शब्द तिच्या तोंडून आले नाहीत.

 मांडवात पसरविलेली अर्धवट गोष्ट आज पूर्ण सांगितली. ती आपण त्याच उत्साहाने घरोघर न्यावी, अशी हात जोडून विनंती करतो.